बाबांची जनरल शिफ्ट

"माझे वडील झोपले नाहीत, म्हणून हा देश उभा आहे."

हे वाक्य माझं आहे. नववीत असताना एका भाषणासाठी लिहिलेलं. शाळेतल्या आमच्या दामलेबाईंनी 'देश'च्या आधी 'महान' घाल असं सुचवलं होतं. मी ते घातलं नाही, एवढाच काय तो माझा संयम. वस्तुस्थिती अशी, की माझे वडील मला आठवतात ते बहुतेक वेळा झोपलेलेच. भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, आतल्या खोलीतल्या लोखंडी खाटेवर, उताणे, डोळ्यांवर उजवा हात आडवा टाकलेले. त्यांचा चेहरा कसा होता हे कोणी विचारलं, तर मला आधी हनुवटी आठवते, कारण हाताखाली तेवढीच दिसायची.

खाटेवर झोपले तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण बाबा कुठेही झोपत. न्हाव्याकडे अर्धी दाढी झाल्यावर झोपत, आणि न्हावीही शहाणा, उरलेली अर्धी तशीच हलक्या हाताने उरकून दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत त्यांना उठवत नसे. मावशीच्या लग्नात मुठीत अक्षता धरून उभ्या उभ्या झोपले होते. सगळ्यांच्या अक्षता पडून गेल्यावर, वाजंत्री सुरू झाल्यावर, त्यांच्या एकट्याच्या अक्षता नवऱ्यामुलाच्या मामाच्या अंगावर गेल्या. माझ्या शाळेच्या पालकसभेत ते पहिल्या रांगेत बसून झोपले, तेव्हा मी मुख्याध्यापकांना, बाबांच्या डोळ्यांत औषध घातलंय, असं सांगितलं. मुख्याध्यापक भाषणात तरबेज होते. आपल्यासमोर माणसं झोपतात याची त्यांना सवय असावी. त्यांनी फक्त मान हलवली.

कारण साधं होतं. बाबा एलबीएस रोडवरच्या एका कंपनीत रबराचे पाईप बनवणाऱ्या गरम प्रेसवर होते आणि त्या प्रेस चोवीस तास चालत. फर्स्ट, सेकंड आणि नाईट अशा तीन शिफ्ट, आणि दर आठवड्याला शिफ्ट बदले. एका आठवड्यात रात्री झोपायची सवय लागते न लागते तोच पुढच्या आठवड्यात दिवसा झोपायचं. त्यात ज्याने येऊन तुम्हाला मोकळं करायचं तो रिलीव्हर आलाच नाही, तर प्रेस सोडून जाता येत नसे. मग आपल्या शिफ्टला जोडून त्याचीही करायची. याला सगळे 'डबल मारणं' म्हणत. आमच्या घरात हा शब्द लहानपणापासून इतका कानावर पडला, की शाळेत गुरुजींनी डबल म्हणजे दुप्पट असं सांगितलं, तेव्हा ते मला अपुरं वाटलं. डबल म्हणजे बाबा उद्या येणार.

बाबा दिवसा झोपत त्या आठवड्यात आमचं घर मुकं होई. हे गप्प राहणं आम्ही साधनांनिशी करत असू. घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या, स्टुलाच्या, पाटाच्या खाली कंपनीतल्या रबराच्या चकत्या चिकटवलेल्या होत्या. डब्यांच्या बुडालाही. दारावरची कडी सुतळीने गुंडाळलेली. आई भांडी जमिनीवर ठेवताना आधी करंगळी टेकवायची आणि तिच्यावर भांडं अलगद उतरवून करंगळी काढून घ्यायची. आजही मी पातेलं ओट्यावर ठेवते तेव्हा करंगळी आधी जाते, आणि माझी मुलगी मला हसते. धाकटा भाऊ आणि मी खुणांनी भांडायला शिकलो होतो. खुणांनी भांडण फार वेळ टिकत नाही, हा एक फायदा.

सगळ्यात अवघड प्रश्न कुकरचा होता. त्याच्या तोंडावर रबर बसवता येईना. तेव्हा आमचा कुकर दोन दारं सोडून पाटकरकाकूंकडे शिजायचा. आई डाळ-तांदूळ लावून, झाकण बसवून, पदराखाली धरून कुकर त्यांच्याकडे नेई, आणि तिकडे तो शिट्ट्या मारी. पाटकरकाकू मोठ्या आवाजाच्या. आमच्या दारात येऊन त्या कुजबुजत, ते खालच्या नळावरच्या बायकांना ऐकू जाई. "शुभे, तुमच्या चार झाल्या गं! माझी एक झाली. तुमचा भात मऊ होणार!" आत बाबा कूस बदलत. आई ओठांवर बोट ठेवी. काकू म्हणत, "अगो बाई, निजलेत होय?" हा संवाद रोजचा होता.

आणि जेवण. नाईट करून बाबा सकाळी घरी येत तेव्हा त्यांची रात्रीच्या जेवणाची वेळ झालेली असे. म्हणून सकाळी साडेसातला, चाळीत सगळीकडे चहाला आधण ठेवलेलं असताना, आमच्याकडे बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं रटरटत असायचं. बाबा अंगावरचा रबराचा वास साबणाने घासून घासून अर्धा घालवत आणि पाटावर बसत. वर भाताची वाफ, माशाचा वास, खालून उरलेलं रबर. माझ्या मैत्रिणी शाळेला जायला बोलवायला येत त्या दारातच नाक मुरडत. त्यांतली एक मुलुंडच्या ब्लॉकमध्ये राहणारी होती, तिच्या घरी सकाळी जॅम असे. ती एकदा म्हणाली, "तुमच्याकडे सकाळी सकाळी फिश? झकास आहे बाबा तुमचं!" तिने ते खरोखर कौतुकाने म्हटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी खाली रस्त्यावर जाऊन तिची वाट बघू लागले.

आईचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही. बाबांची फर्स्ट असे तेव्हा ती पहाटे चारला उठे. सेकंड असे तेव्हा त्यांच्या ताटावर ताट झाकून मध्यरात्रीपर्यंत बसे. नाईट असे तेव्हा सकाळी त्यांना जेवण, आम्हाला डबा, दुपारी आम्हाला जेवण, संध्याकाळी त्यांना न्याहारी. तिन्ही शिफ्ट ती करत होती, आणि तिला रिलीव्हर नव्हता. तिचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर नव्हतं आणि आमच्याही. मी लिहिलेल्या त्या भाषणात बाबांवर तेवीस ओळी होत्या. आईवर अर्धी, तीही 'आमच्या मातोश्रींनी समर्थ साथ दिली' अशी, म्हणजे कोणाच्याही आईला चालेल अशी.

ओव्हरटाईम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा ओटी, आमच्या घरात वस्तूंच्या रूपाने राहायचा. ओटीचा पंखा, ओटीचं कपाट, ओटीचा फ्रिज. तो फ्रिज आला तेव्हा बाबा सलग डबल मारत होते, आणि फ्रिज घरात आल्यावर तो गुरगुरतो हे कळलं. दिवसा बाबांच्या झोपेसाठी आई तो बंद ठेवी. त्यामुळे आमच्या फ्रिजमधलं पाणी दिवसा साधं असे आणि रात्री, ते कामावर गेल्यावर, गार. आम्हाला वस्तू हव्या होत्या, हेही लिहायला हवं. माझ्या वक्तृत्व स्पर्धांसाठी शिवलेला निळा परकर-पोलका ओटीचाच होता. बाबा दमतात हे दिसत होतं, आणि दिवाळीच्या आधी ओटी लागला नाही तर आम्ही हिरमुसत होतो. दोन्ही एकाच वेळी.

मग ती मनगटाची गोष्ट झाली. एका सकाळी बाबा उजव्या मनगटाला फडकं बांधून आले. "वाफ लागली," म्हणाले. दोन दिवसांनी सावंतकाका आले. सावंतकाका बाबांच्या शेजारच्या प्रेसवर होते, आमच्याच गावाकडचे, तोंडाने फटकळ.

"वहिनी, वाफबिफ काय नाय," ते चहा बशीत ओतत म्हणाले. "ह्यो उभ्या उभ्या झोपलो. प्रेस खाली येत होती नि ह्याचा हात आत. मी बोंब मारली म्हणून हात हाय. नायतर आज डाव्या हातान चहा पीत असतो."

"तू गप रे," बाबा म्हणाले.

"मी गप ऱ्हातंय. तू मात्र अर्ज कर. स्टोअरमधलो म्हातारो रिटायर होतलो. जनरल शिफ्ट. नऊ ते पाच. बसून काम. रात्री आपल्या घरात, आपल्या बायकोच्या हातचा गरम जेवून, माणसासारखो झोप."

जनरल शिफ्ट! आमच्याकडे तो शब्द इतरांकडे परदेश जसा उच्चारतात तसा उच्चारला जाई. नऊ ते पाच म्हणजे बाबा संध्याकाळी घरी. म्हणजे कुकर आमच्याच घरी वाजणार. म्हणजे सकाळी चहा-चपाती. डॉक्टरांनी बाबांचा रक्तदाब बघून आधीच सांगितलं होतं, की रात्रपाळी सोडा, नाहीतर रात्रपाळी तुम्हाला सोडणार नाही. बाबांनी अर्ज केला. तो मीच लिहिला, माझ्या वळणदार अक्षरात. पर्सोनेल खात्याचे साहेब म्हणाले, "बघू. वर्धापनदिन होऊन जाऊ दे." त्या दिवसापासून आई देवाला जरा जास्त वेळ देऊ लागली.

वर्धापनदिनाला कंपनीत दरवर्षी गाणी आणि जेवण असे. त्या वर्षी साहेबांनी त्याला 'श्रमगौरव सोहळा' असं नाव दिलं आणि ज्यांनी सगळ्यात जास्त जादा काम केलं अशा कामगारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला. बाबा त्यात होते हे सांगायला नको. आणि सत्कारमूर्तींपैकी एकाच्या कुटुंबीयाने मनोगत व्यक्त करावं असंही ठरलं. कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं, की परबांची मुलगी वक्तृत्व स्पर्धांत कप मिळवते. झालं.

आमच्या घरात आनंदाचा स्फोट झाला. अर्थात बाबा झोपलेले असल्याने तो कुजबुजत झाला. आता सगळं कळतं, तेव्हा कुणाच्याही मनात शंका आली नाही. वडिलांची नोकरी मुलीच्या वक्तृत्वावर बदलता येते, असा आमचा सगळ्यांचा प्रामाणिक विश्वास होता. इतकी वर्षं कप घरी येत होते, शाळेत टाळ्या पडत होत्या, मग कंपनीत का नाही? बाबांची जेवढी मोठी स्तुती, तेवढी साहेबांना त्यांची किंमत कळणार, आणि किंमत कळली की स्टोअर. आई म्हणाली, "नीट बोल गो. सायबांच्या मनाक लागला पायजे." दामलेबाईंनी चार दिवस शाळा सुटल्यावर थांबून 'ष'चा उच्चार घटवला आणि हातवारे बसवून घेतले. 'झोपले नाहीत' म्हणताना उजवा हात वर, 'देश उभा आहे' म्हणताना मूठ. बाबांची नाईट होती, त्यामुळे सराव मी चाळीच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी करत असे. स्तुती ज्याची, त्याच्या झोपेत तिने व्यत्यय आणू नये एवढ्या अंतरावर.

एका गोष्टीची कुणालाच आठवण राहिली नाही. अर्जात मी लिहिलं होतं: प्रकृती खालावल्याने रात्रपाळी झेपत नाही. भाषणात लिहिलं होतं: रात्र त्यांना दिवसासारखीच आहे. अक्षर दोन्हीकडे माझंच.

सोहळा रविवारी सकाळी कंपनीच्या कँटीनमध्ये होता. तोवर बाबांची सेकंड लागली होती, आणि आदल्या रात्री त्यांचा रिलीव्हर आला नव्हता. ते शनिवारी दुपारी कामावर गेले होते ते रविवारी सकाळी प्रेसवरूनच उतरले, कंपनीच्या नळावर आंघोळ केली आणि आईने पिशवीतून नेलेला इस्त्रीचा पांढरा शर्ट तिथेच बदलला. आईने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, डोळ्यांवर पाणी मारा." "मारलं," बाबा म्हणाले. "परत मारा."

व्यासपीठावर सत्कारमूर्तींना गादीच्या खुर्च्या दिल्या होत्या. ही मोठी चूक. वर्षभर ज्यांना स्टूलसुद्धा दिलं नाही त्यांना एकदम गादी देऊ नये. त्यात खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, वर सावकाश फिरणारा पंखा, आणि साहेबांचं प्रास्ताविक. सावंतकाका माझ्या मागच्या रांगेत होते, ते पुटपुटले, "गेलो रे गेलो." मी वर पाहिलं. बाबांची हनुवटी छातीवर टेकली होती आणि नारळ हळूहळू गुडघ्याकडे सरकत होता.

माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर उभी राहिले, बाबा माझ्या डाव्या हाताला, हात लांब केला तर लागतील एवढ्यावर. निळा परकर. उजवा हात वर.

"माझे वडील झोपले नाहीत..."

आणि नारळ पडला. टप्पा घेऊन व्यासपीठावरून खाली, पहिल्या रांगेत. बाबा हलले नाहीत. मी, दामलेबाईंनी बसवल्याप्रमाणे, मूठ वळली.

"...म्हणून हा देश उभा आहे."

मागून कुणीतरी ओरडलं, "देश पडला रे!"

मग जे हसू फुटलं ते मी अजून ऐकते. दोनशे-तीनशे माणसं, सगळी शिफ्टवाली, सगळी झोपेची उपाशी, पोट धरून हसत होती. त्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज समजतं. ते बाबांना हसत नव्हते, माझ्या वाक्याला हसत होते. पण कान तापतात तेव्हा हा फरक दिसत नाही. मला बाबांची लाज वाटली, इतकी की डाव्या बाजूला बघायचंच नाही असं ठरवून मी पुढच्या बावीस ओळी म्हटल्या. चांगला वक्ता गडबडीत आवाज चढवतो, असं शिकवलेलं. मी आवाज चढवला. "थकवा हा शब्द त्यांच्या कोशात नाही!" बाबा घोरू लागले. "रात्र त्यांना दिवसासारखीच आहे! यंत्र थांबेल, पण माझे वडील थांबणार नाहीत!" टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या की नाही सांगता येत नाही. हसून झाल्यावर माणसांचे हात मोकळे असतात.

मी येऊन आईशेजारी बसले. आई माझ्याकडे न बघता समोर बघत होती. साहेब माईकपाशी आले. चांगले गृहस्थ होते ते, हे मुद्दाम लिहिते, गहिवरलेले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"परबांनी स्टोअरमध्ये बदलीसाठी अर्ज दिलाय," ते म्हणाले. "जनरल शिफ्ट. मी खरं सांगतो, सही करायला पेन उघडलं होतं. पण आज या मुलीने माझे डोळे उघडले. यंत्र थांबेल पण हा माणूस थांबणार नाही! अशा माणसाला मी स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवू? तो त्यांचा अपमान होईल. तो मी होऊ देणार नाही. परब प्रेसवरच राहतील!"

टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या आवाजाने बाबा जागे झाले. त्यांनी एकदम सरळ होऊन इकडेतिकडे पाहिलं. सगळे टाळ्या वाजवत आहेत असं बघून तेही टाळ्या वाजवू लागले. मोठ्या उत्साहाने, फडक्यातलं मनगट सांभाळत. साहेबांनी त्यांच्याकडे हात केला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि नमस्कार केला. आईचे हात मांडीवर होते ते तिथेच राहिले. मी टाळ्या वाजवत होते. सुरू केल्या होत्या, आणि थांबवायच्या कशा ते सुचत नव्हतं.

जेवणात जिलेबी होती. आम्ही जेवलो नाही. आई म्हणाली, डोकं दुखतंय. घरी चढण चढताना बाबा खुशीत होते. शाल त्यांनी घडी करून काखेत मारली होती.

"काय म्हणाले साहेब?" त्यांनी विचारलं. "माझ्या जरा डोळ्यांवर आलं होतं."

मागून सावंतकाका नारळ घेऊन येत होते. पडलेला नारळ त्यांनी शोधून काढला होता. "काय म्हणतले?" ते म्हणाले. "स्टोअर नाय म्हणाले. तुझ्या ह्या चेडवान तुझ्याबद्दल असा काय बोलला, की आता तुका मरापर्यंत प्रेसवर ठेवतले. आणि तू टाळ्यो वाजवलंस!"

"मी?"

"तर काय मी?"

बाबा थोडं अंतर चालले. मग म्हणाले, "लोक वाजवत होते."

घरी येऊन ते झोपायला गेले नाहीत. पाटावर बसले आणि मला म्हणाले, "बाय, ते भाषण म्हण बघू. मी ऐकलंच नाही." मी नको म्हणाले. "म्हण गो. एवढी मेहनत केलीस." आईने दार लोटलं. मी भिंतीला टेकून, हातवारे न करता, खालच्या आवाजात, अख्खं भाषण म्हटलं. त्या घरात मी मोठ्याने बोलले असते तरी चाललं असतं, बाबा जागेच होते, पण सवय. ते टक्क डोळे उघडे ठेवून ऐकत होते. माझ्या आठवणीत त्यांनी माझं असं ऐकलेलं हे पहिलंच. यंत्र थांबेल, इथे मी अडखळले.

"पुढे?"

"...पण माझे वडील थांबणार नाहीत."

बाबांनी मनगटावरचं फडकं जरा सैल केलं. "हे सगळं बोललीस? साहेबांसमोर?"

"हो."

"अडखळली नाहीस ना?"

"नाही."

"'ष' नीट आला?"

"हो."

"मग झालं," बाबा म्हणाले, आणि उठून आत गेले.

आई ओट्याशी होती. ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "माझा त्यात काय नाव नाय घातलंस, ता बरा केलंस." एवढंच. रागाने म्हणाली असती तर मला सोसलं असतं. तिने बरं वाटून म्हटलं होतं, थोडक्यात वाचलो अशा आवाजात. मग पातेलं खाली ठेवलं, करंगळी आधी.

स्टोअरची जागा सावंतकाकांना मिळाली. त्यांनी अर्ज केला नव्हता. साहेबांनी आपणहून दिली, कारण त्यांचा ओव्हरटाईम फार कमी होता आणि प्रेसवर त्यांचा उपयोग नव्हता. ते दोन महिने आमच्याकडे फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी आले, बसले, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "माझो झील स्टेजवर चढलो नाय म्हणून मी सुटलंय, वहिनी." बाबा नाईटला निघाले होते, डबा हातात. हसले. "तुझा पोरगा हुशार रे," म्हणाले. मी आत अभ्यास करत होते. त्या वर्षापासून मी स्पर्धांत भाग घेतला नाही. दामलेबाई हळहळल्या; त्यांना मी घसा बसलाय म्हणून सांगितलं, आणि बाबांच्या डोळ्यांतल्या औषधासारखंच तेही मानलं गेलं.

शाल मात्र उपयोगी पडली. मरून रंगाची, जाड, बहुधा पॉलिस्टरची. आईने ती आतल्या खोलीच्या खिडकीला लावली. तिच्यातून दुपारचं ऊन येत नसे, आणि बाबा अधिक चांगले झोपू लागले. श्रमगौरवाचा एवढा प्रत्यक्ष फायदा मी नंतर पाहिलेला नाही, आणि मी बरेच सोहळे पाहिले: माझी नोकरी एका बँकेचं गृहपत्रक काढण्यात गेली. निवृत्त होणाऱ्यांवरचे गौरवलेख मी लिहायची. 'अथक' हा शब्द मी एकदाही वापरला नाही. आमचे मॅनेजर तो शाईने वर घालत.

आता मी मुलुंडला राहते, लिफ्टच्या इमारतीत, मुलीजवळ. गार्गी सातव्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत बसून परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचं काम करते, तिकडे दिवस असतो तेव्हा. सकाळी मी चहा ठेवते तेव्हा ती पिझ्झा गरम करत असते. तिच्या कंपनीत शिफ्टला शिफ्ट म्हणत नाहीत, 'सपोर्ट विंडो' म्हणतात, आणि ओव्हरटाईमला काहीच म्हणत नाहीत. मागच्या महिन्यात तिला 'रॉकस्टार' म्हणून ई-मेल आली. तिच्या टीममधल्या सगळ्यांनी खाली टाळ्यांची चित्रं चिकटवली होती. तिने मला दाखवलं, हसत, आणि मी म्हटलं, "रात्रीचं झेपत नाही असं एकदा लिहून का देत नाहीस त्यांना?"

"आई, झेपतंय गं."

"असं त्यांच्यासमोर बोलू नकोस."

तिला कळलं नाही. दुपारी ती झोपते तेव्हा मी मिक्सर लावत नाही. ती म्हणते, "लाव ना यार, माझ्या कानात प्लग आहेत." तरी मी चटणी शेजारच्या शहाबाईंकडून वाटून आणते. शहाबाईंना वाटतं आमचा मिक्सर बिघडलाय. त्यांनी मला दोनदा मेकॅनिकचा नंबर दिला आहे.

बाबा त्यानंतर कितीतरी वर्षं प्रेसवर राहिले. शिफ्ट बदलत राहिल्या, डबल मारत राहिले, मनगटाचा डाग पांढरा पडला. माझ्या लग्नात ते कन्यादानाला जागे होते; आई पूर्ण वेळ मागून त्यांच्या पाठीत बोट खुपसत होती. अर्ज त्यांनी पुन्हा केला नाही. साहेब भेटले की म्हणत, "काय परब, थांबायचं नाही ना?" आणि बाबा म्हणत, "नाही साहेब." मी एकदा, कॉलेजात असताना, म्हटलं की मी नवीन अर्ज लिहून देते. बाबा म्हणाले, "नको गो बाय. तू चांगलं लिहितेस." ते टोमणा मारत नव्हते. त्यांना टोमणे येत नसत, तेवढी जाग त्यांना कधी मिळालीच नाही.

जनरल शिफ्ट त्यांना शेवटी मिळाली. कंपनीला मागण्या येईनात तेव्हा आधी नाईट बंद केली, मग सेकंड, आणि उरलेल्या सगळ्या माणसांना नऊ ते पाच बोलावू लागले. प्रेस थंड होत्या, काम काहीच नव्हतं. बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून जात आणि पाचपर्यंत तिथे झोपून घरी येत.